उडणाऱ्या मुलीचे कान

नाय मॅडम, फोटो नको. मनस्वीची बस यायला वेळ हाय अजून, अन् आली तरी पुस्तक हातात घेऊन फोटोला उभी नाय करनार मी तिला. हे घ्या तुमचं पुस्तक, परत न्या. चहा घ्या, चहावर माजा राग नाय. उन्हातून जासईपर्यंत आलात, बसा.

काय झालं म्हनून विचारता? तुमीच वाटलंत ना हे बहिऱ्या मुलांच्या शाळेत? सुपरहिरोचं पुस्तक, पानभर चित्रं — आमी पन खूश. मनस्वी तर उशाशी घेऊन झोपायची. तिच्यासारखीच पोर, कानाला मशीन, पाठीवर लाल कपडा, उडत जाते अन् बुडती बोट उचलते. बरं, उचलली ना? मग संपवा की गोष्ट. पन नाय — शेवटच्या पानावर आकाशातून उजेड पडतो आनि तिचे कान उघडतात. का? बोट बहिरी असतानाच उचलली ना तिनं? मग बक्षीस म्हनून कान कशाला देता? वर ती मशीन समुद्रात फेकते अन् लोक टाळ्या वाजवतात. कोनी लिहिलं हे? एसीत बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या. एका तरी बहिऱ्या पोरीला विचारलं का, बाय, तुला काय पाहिजे? नाय विचारलं.

गेल्या रविवारी मोरा बंदराला गेलो, माज्या ननंदेकडे. जेट्टीवर लाँच लागत होती, मी ननंदेशी बोलत — अन् ही पोर माजी ओढनी पाठीला बांधून कडेला गेली, कानातली मशीनं काढली आनि टाकली पान्यात. दोन्ही. मग हात पसरून आकाशाकडे बघत उभी. ननंदेनं ओढली तरी हलेना. किती वेळ गेला, मग माज्याकडे बघितलं तिनं — ते जाऊ दे, ते नाय सांगता येत मला.

मारलं मी तिला. आता काय लपवू तुमच्यापासून. मार खाल्ल्यावर ती हातांनी भराभर बोलायला लागली, अन् मला काय पन कळेना. कसं कळनार? शाळेत दर शनिवारी आयांना हातांनी बोलायला शिकवतात, बाईंनी निरोपावर निरोप धाडले, मी गेले एकदा. सासूबाई बोलल्या, हात नाचवायला लागली तर पोर बोलायची नाय कधी — अन् मला पन पटलं ते, त्यांच्यावर कशाला ढकलू. हळदीला, लग्नाला मीच तिचे हात खाली दाबायचे. लोक बघतात म्हनून. तर तिथनंच बाईंना व्हिडिओ कॉल लावला, पोरीला समोर धरली, बोलले, विचारा हिला, पुस्तकात बघून असं करतात का. बाईंनी विचारलं. पोरीनं हातांनी सांगितलं. मग बोलल्या, सुचिताताई, ती म्हणतेय, मी मम्मीला शेवटचं पान दाखवलं होतं, माझे कान पण असेच उघडणार का विचारलं होतं. मम्मी हो म्हणाली.

बोलले होते मी हो. म्हनजे मान हलवली. भाकरी तव्यावर, ही माजा गाऊन ओढते, पान दाखवते, कानाला बोट लावते — नाय गो, असं गोष्टीतच असतं, हे हातानं कसं सांगायचं, येत होतं का मला? मान हलवता येत होती, तेवढी हलवली. चार दिवस वाट बघत होती ती पोर. माज्या शब्दावर. तुमच्या पुस्तकावर नाय.

बस आली. नका, तुमी उठू नका, तिच्याशी काय बोलू नका. शाळेत बघितलंय मी तुमाला, येतं तुमाला हातांनी बोलायला, पन हे मी सांगनार तिला. फक्त एक दाखवा मला — ‘मम्मी खोटं बोलली’ कसं करतात?

परत दाखवा. सावकाश.

हां. आता जा तुमी. मागच्या दारानं जा.