जुनं कुलूप, शिळा पुडा आणि फ्रेममधला नवरा

...आणि वर ती केबलवाली फांग मलाच विचारते, "मालकीणबाई, हे कुलूप शेवटचं कधी बदललंत?" अगं बये, कुलूप काय अंगावरचा सदरा आहे घामेजला की बदलायला? कुलूप एकदा लावायचं, विसरायचं! आमच्या ह्यांनी, म्हणजे बून-हॉकने, वायफायचं ते डबडं स्वतः भिंतीवर ठोकलं, त्याला कुलूप घातलं, लोखंडाचं नव्हे, पासवर्डचं, वर यंत्राने शहाण्यासारखं चालावं म्हणून रिवाजाप्रमाणे खाऊचा हिरवा पुडा ठेवला. हिरवाच हं! पिवळा ठेवलात तर यंत्र रुसतं, हे आमच्या कीलुंग बंदरातलं शेंबडं पोरही सांगेल. आणि म्हणाला, "आता सागरदेवीशिवाय कुणी आत येत नाही बघ." तीन वर्षं झाली त्याला जाऊन. पुड्याला मी हात लावला नाही. डबड्यालाही नाही. मग सांगा, माझं काय चुकलं? कुलूप तर होतंच की!

तुम्हाला सांगते, सुरुवात झाली सातव्या महिन्यात. म्हणजे मेलेल्यांना वरून सुट्टी मिळते आणि सगळे घरी जेवायला येतात तो महिना. मी बाहेर टेबल मांडलं, भात, बदक, अननस, उदबत्त्या... आणि आत देव्हाऱ्यात बून-हॉकची फ्रेम. ती साधी फ्रेम नाही बरं का. पोरीने तैचुंगहून पाठवलेली, विजेवरची, वरच्या खोलीतल्या संगणकातून हवेतल्या हवेत फोटो ओढून घेते. तिच्यात एकच फोटो ठेवलेला. निळा सदरा, कडक कॉलर, मान जराशी डावीकडे, अर्धं हसू. सकाळी चारला उठून सोयाबीनचं दूध उकळायला टाकलं, देव्हाऱ्याकडे बघितलं, तर काय? निळ्या सदऱ्यातला नवरा आमच्या दुकानाच्या बंद शटरपुढे उभा!

हातातला डाव पडला. पोरीला फोन केला, "तू फोटो पाठवलास?" "नाही गं आई, झोपू दे!"

आठवड्याने दुसरा. नवरा स्टेशनवर, हातात बॅग. मग तिसरा. बंदरावर उभा राहून हात हलवतोय... आणि तेच अर्धं हसू. माझ्या अंगावर काटा, खोटं नाही सांगत. गिऱ्हाईक ओरडतंय, "मालकीणबाई, माझा अंड्याचा पोळा करपला!" आणि मी देव्हाऱ्यापुढे, "अहो, काय सांगताय? बंद करू का दुकान? विकू का?"

कारण तेव्हाच तो यू येत होता ना! जागेचा दलाल. महिनाभर रोज यायचा, कोपऱ्यातलं टेबल धरायचा, एक पेला दूध घ्यायचा आणि लॅपटॉप उघडून दोन-दोन तास बसायचा. आमच्याकडे न्याहारीच्या दुकानात प्रत्येक पुरुष 'देखणा'च असतो, तोंडाकडे न बघता म्हणायचं, "काय घेणार रे देखण्या?" ह्याला तर मी अंडं जास्तीचं घालत होते! आणि हा गोड आवाजात, "मालकीणबाई, विकून टाका, पोरीकडे जा. ते वरून बघत असतील, त्यांनाही हेच वाटत असेल..."

मग मी नवऱ्यालाच विचारलं. लाकडाच्या दोन चंद्रकोरी हातात धरल्या, "दुकान विकू का?" म्हणून जमिनीवर टाकल्या. एक उताणी एक पालथी पडली तर होकार. दोन्ही उताण्या पडल्या, म्हणजे तो हसतोय. परत टाकल्या. हसतोय. पाच वेळा हसला मेला! सहाव्यांदा हो म्हणाला. लाकूडसुद्धा कंटाळतं हो माणसाला! पण मी ते सहावं धरलं आणि यूला सांगितलं, गुरुवारी ये कागद घेऊन, सहीचा शिक्का मारते.

गुरुवारी पहाटे चौथा फोटो आला. ह्यात नवरा पाठमोरा, शटर अर्धं, त्याचे हात शटरवर. म्हटलं, झालं, ओढतोय खाली. बंद कर म्हणतोय. मी शिक्का आणि लाल शाईची डबी काढून ठेवली.

त्याच सकाळी केबलवाली फांग आली, यंत्र हळू चालतंय म्हणून मीच बोलावलेली. पहिलं काय बघितलं तिने? पुडा! "मालकीणबाई! हा तीन वर्षांपूर्वीच शिळा झालाय!" मग डबड्यात डोकं घातलं. "कुलूपही तसलंच आहे. एक तुमचा संगणक, एक फ्रेम... हा तिसरा कोण लॅपटॉप घेऊन आत बसलाय?"

मी म्हटलं, "नवरा असेल."

"कुठाय?"

"वारला."

ती पांढरी फटक. सातव्या महिन्यात असलं बोलतात का? पण बाई धीराची. म्हणाली, "मेलेल्याला लॅपटॉप लागत नाही."

"अगं पण कुलूप तर होतंच की!"

"हे कुलूप प्रत्येक निरोप एकेक आकडा लावून गुंडाळतं. आकडे मोजकेच, संपले की परत तेच. बाहेर बसून कुणी ऐकत राहिलं की त्यावरून किल्ली काढतं."

मला ढिम्म कळलं नाही. मग म्हणाली, "तुम्ही गल्ल्यावरून तव्याकडे काय ओरडता? 'तीन, एक, उलटा!' परक्याला कळतं? नाही. पण तो रोज इथेच बसला तर? तेच तेच ऐकून?"

रोज इथेच बसला तर...

दोघींनी कोपऱ्याकडे बघितलं. यू कागद पसरून दूध पीत होता.

मी आधी देव्हाऱ्यापुढे गेले. फ्रेममधले फोटो एकेक करून फिरवले. स्टेशन, बंदर, शटर... आणि मान? तेवढीच डावीकडे! हसू? तेच अर्धं! बंदरावरच्या वाऱ्यात कॉलरसुद्धा कडक! एकच मुंडकं काढून तीन धडांना चिकटवलेलं. ते कुलूप तसं आणि हा चोरही तसाच, तेच ते परत करतो आणि सापडतो. उलथनं घेऊन गेले, तापलेलं. "देखण्या! माझ्या नवऱ्याचं तोंड कुठून काढलंस?"

तो खुर्चीसकट मागे सरकला. "मालकीणबाई, चुकलो... तुमच्या संगणकातून घेतलं... पण तीनच! तीनच केले मी!"

"आणि चौथा?"

"कुठला चौथा?"

फ्रेम त्याच्या नाकापुढे धरली. तो म्हणाला, पाठमोऱ्याला चेहराच नाही, मी काय चिकटवणार? फांगने संगणक वरखाली धुंडाळला, "कुठून आलाय, दिसतच नाही." आणि मग मी नीट बघितलं. निळा सदरा नाही. घामाने भिजलेला बनियन. डाव्या कोपरावर भाजल्याचा डाग, पोर झाली त्या वर्षी तेल उडालं होतं... त्या डागाचा फोटो जगात कुणाकडे नाही. आणि तळवे शटरच्या खालून. खाली ओढत नव्हता हो. वर ढकलत होता. रोज पहाटे उघडायचा तसा.

यूचे कागद तव्याखाली गेले. फांगने नवं यंत्र बसवलं, भक्कम कुलूप, वर ताजा हिरवा पुडा. म्हणाली, "आता कुणाचा बाप आत येत नाही." खरंच येत नाही! पण ही जुनी फ्रेम, तिला नवं कुलूप उघडता येत नाही. तेव्हापासून काळी ठिक्कर. रोज पहाटे शटर वर ढकलते, वळून बघते... काळी ठिक्कर.

म्हणून फांगला विचारलं, जुनं डबडं वर्षातून एक महिना लावता येईल का गं? ती ओरडली, "मालकीणबाई, कुणीही आत शिरेल!"

म्हटलं, शिरू दे बाई, सातव्या महिन्यात तसंही कुणाला अडवायचं नसतं. आणि अगदीच उघडं कुठे आहे? कुलूप तर आहेच की!