एकच बटण

...नाही, पण मला सांगा, एक बटण दाबायला माणसाला किती दिवस लागावेत? एक? दोन? तुम्हाला सांगतो, आमच्या विद्वानांनी एकोणतीस दिवस घेतले! आता आमचे विद्वान म्हणजे कोण, तर जुन्या नकाशांचे अभ्यासक. एकशे चाळीस जण, बावीस वर्षं एका ई-मेल गटावर एकमेकांशी भांडतायत, आणि तो गट सांभाळतो मी. मी विद्वान नाही हो, साधा ग्रंथपाल! कुणीतरी म्हणालं, 'तुम्ही बघाल का जरा गटाचं?' मी म्हणालो, 'बघतो की!' तेव्हापासून बघतोच आहे...

तर झालं काय, ज्या कंपनीच्या सर्व्हरवर ही बावीस वर्षांची भांडणं ठेवलेली, तिनं कळवलं, तीस तारखेला दुकान बंद. मी धावाधाव करून नवी जागा शोधली, सगळं हलवायची सोय केली. अट एवढीच, की प्रत्येकानं आपापल्या खात्यात जाऊन 'हलवा' म्हणून बटण आहे ते दाबायचं. नाही दाबलं की त्याचं लिखाण पुसलं जाणार, कायमचं! चार ओळींची सूचना लिहिली. एकच बटण दाबायचं होतं हो, एकच!

दाबलं? छे! सूचनेवर चर्चा सुरू केली! दोनशे सदतीस उत्तरं! एक म्हणतात, 'दुसऱ्या वाक्यास आधार कोणता?' दुसरे म्हणतात, 'मूळ नोटीस पाहिल्याशिवाय मत देणे घाईचे ठरेल.' अहो, मत मागितलंय कुणी? तिसऱ्यांनी कळवलं, 'मी तत्त्वतः दाबले आहे असे धरावे.' तत्त्वतः! एकांनी तर चक्क पोस्टानं कागद पाठवला, वर 'होय', खाली सही आणि सहा तळटिपा. मी एकेकाला फोन करून दाबायला लावतोय, आणि इकडे आमची ही, 'घरातला नळ महिनाभर गळतोय तो दिसत नाही, निघालेत लोकांचे नकाशे वाचवायला!' तिचंही खरंच आहे म्हणा.

राहता राहिले एक, आमचे बेटवाले सर. वय ब्याऐंशी. एका जुन्या नकाशात समुद्रात एक ठिपका आहे. सर म्हणतात बेट, त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या बाई, म्हणायच्या शाईचा डाग. दोघंही आमच्याच गटावर. तुम्हाला सांगतो, एका घरात, शेजारशेजारच्या खोल्यांत बसून अकरा वर्षं गटावर भांडले, आणि जेवताना त्यावर अवाक्षर नाही! सहा वर्षांपूर्वी बाई गेल्या. त्यांचा शेवटचा मेल तसाच आहे... 'डागच आहे. पुरावा उद्या देते.'

एकोणतीस तारखेला सरांचा फोन. मी पेटलेलोच होतो. म्हटलं, 'सर, एकच बटण दाबायचंय हो, एकच!' सर म्हणाले, 'माझं राहू दे रे. हिचं कोण दाबणार?'

गेलो. बाईंच्या खोलीत कॉम्प्युटरवर अभ्रा, अभ्र्यावर चष्मा. पासवर्ड सरांना ठाऊक नाही, विचारणार कसा, बोलायचेच नाहीत ना त्या विषयावर! शेवटी कीबोर्डखाली चिठ्ठी सापडली. सरांनी वाचली, आणि माझ्यापुढे धरली. पासवर्ड काय, तर 'डागचआहे'.

अकरा वर्षं ज्या माणसानं हे कबूल केलं नाही, त्यानं एका बोटानं एकेक अक्षर टाइप केलं हो... आणि मला दम देतात, 'मी मान्य केलं असं समजू नकोस!' मग आधी बाईंचं बटण दाबलं, मग स्वतःचं. मी आपला खिडकीबाहेर बघत बसलो.

संपलं? कसलं संपतंय! आता सर रोज सकाळी नव्या जागेवर बाईंना उत्तर लिहितात, तळटिपांसकट. आणि ती नवी जागा पडली अतिशहाणी! मला रोज विचारते, 'या सदस्यांनी सहा वर्षं काही लिहिलेले नाही. खाते काढून टाकू का?' तो प्रश्न बंद करता येत नाही, विचारून झालंय. एक दिवस चुकलो तर बाई गेल्या! म्हणून सकाळी उठायचं, गळका नळ ऐकत बसायचं, आणि 'नको' दाबायचं.

एकच बटण असतं हो, एकच... रोज.