जिल्हा मंडळाची गणपूर्ती

हॅलो? … नमस्कार. हिंगोली जिल्हा लिनक्स वापरकर्ता मंडळ, अध्यक्ष धम्मानंद सर बोलतोय. विंडोजऐवजी लिनक्स, आपल्या कॉम्प्युटरवर आपली सत्ता, हे या जिल्ह्यातल्या प्रत्येक नागरिकाचं… अरे प्रेमदास, तू व्हय! … न्हाई, चष्मा न लावता उचलला. … हो, तुझाच असणार म्हणा. सभासदच दोन.

बोल. … प्रिंटर? अजून? … दुकानात गिऱ्हाईकं उभी आहेत? … आणि समोरच्या झेरॉक्सवाल्याकडं चाललीत? … बरं बरं, तिकडं नको बघू.

हे बघ, काळी खिडकी उघड. लिही. सुडो… जागा सोड… ॲप्ट… जागा सोड… इन्स्टॉल… आता ड्रायव्हरचं नाव. थांब, पान उलटतो. … वही रे, वही चाळून राहिलो. … माझ्या स्क्रीनचं काय घेऊन बसलास? तुझ्यावर काय दिसतं ते सांग.

पासवर्ड मागतंय? टाक. … उमटत न्हाई? बराबर आहे. इथं पासवर्ड उमटतच न्हाई, ठिपकासुद्धा येत न्हाई. टाकत राहायचं आन् एंटर मारायचं. … व्हय, त्याला कळतं.

आता? … कुलूप म्हणतंय? म्हणजे आतल्या आत दुसरं अपडेट चालू आहे. ते संपू दे. … न्हाई न्हाई, फोन ठेवू नको! थांबू की दोघं. … चहा झाला? … मी केला ना. दोन कप झाला, सवयीनं. दुसरा निवून राहिला इथं.

मंडळाचा शिक्का करून आणला, सांगितलं का तुला? … मागच्या रविवारी? … त्याच्या मागच्या पण? बरं.

काय? … कोण येऊन राहिला? … हनुमान, म्हणजे तुझा भाचा ना? … पेन ड्राइव्ह घेऊन? विंडोज टाकायला? … आजच?

प्रेमदास, ऐक ना… अरे ऐक. रत्नपालनं मंडळ सोडलं, उत्तमरावांनी सोडलं, मी काही बोललो? पण तू सचिव आहेस. गणपूर्ती कशी व्हायची? दर रविवारी अकराला मी कुणाशी… बैठक रे. बैठकीचं म्हणून राहिलो मी.

… हो, माझ्याकडं पण तोच प्रिंटर. आपण दोघांनी संगंच एकेक घेतला होता. … माझ्याकडं चालवून दाखवू? … आत्ता? … न्हाई जमायचं. … काहून म्हणजे… तसंच.

… अरे, माझ्या कॉम्प्युटरवर लिनक्स न्हाई.

… मार्चपासून. पोरगी आली होती पुण्याहून, ऐश्वर्या. तिनं विंडोज टाकून दिलं आन् दुसऱ्या दिवशी गेली. … वहीतलंच वाचून सांगत होतो तुला, इतके दिवस. … सांगितलं असतं तर तू फोन… जाऊ दे.

हॅलो? … ठेवलास का? … हां, आहेस.

… प्रिंटर?

… माझा? विंडोजवर पहिल्याच दिवशी चालला.