इंद्रभानच्या वावरातला पेरणारा

...नाही, नाही, तो बाजार गुरुवारचाच असला पाहिजे, कारण सोमवारचा असता तर मला आदल्या दिवशीच्या रविवारचा थकवा असता, आणि थकवा होता असं काही मला आठवत नाही... का होता? बघा, इथंच घसरलो! तुम्हाला सांगतो, हल्ली मला माझ्याच आठवणीचा भरवसा वाटत नाही. सरस्वतीबाई, म्हणजे आमचं कुटुंब, म्हणतात, "दर वेळी ही गोष्ट सांगता आणि दर वेळी बैलांचा रंग बदलतो." बदलत असेल! साल एकतीस की बत्तीस, तेही मी शपथेवर सांगणार नाही. पण अपमान? तो मला शब्दन् शब्द पाठ आहे.

मी तेव्हा पाळक, म्हणजे चर्चचा पाद्री, व्हायला निघालो होतो. नागपूरची बी.ए., वर जबलपूरला तीन वर्षं धर्मशास्त्र, त्यात ग्रीक! वऱ्हाडात त्या काळी मूळ ग्रीकमधून शास्त्र, म्हणजे बायबल, वाचणारे किती होते? मोजके! आणि त्या मोजक्यांत मी, मोताळ्याच्या बाजारात, एका मिरचीवालीच्या पलीकडे, खोक्यावर उभा! का? तर मिशनच्या समितीचा नियम. दीक्षा हवी असेल तर उमेदवारानं भर बाजारात उपदेश करून दाखवायचा आणि लोक शेवटपर्यंत थांबले पाहिजेत. खामगावात मी दोनदा नापास झालो होतो. पहिल्या वेळी शेवटपर्यंत कोणी थांबलं नाही. दुसऱ्या वेळी एक शेळी थांबली, पण परीक्षक म्हणाले, ती बांधलेली होती, धरता येत नाही. आता तिसरी वेळ, आणि तिसरी म्हणजे शेवटची. इथंही हुकलं की जन्मभर मिशनच्या शाळेत पाढे घोकवत बसायचं. आणि आमचे वडील! कापसाच्या जिनात गठाणी बांधून बांधून त्यांची पाठ वाकलेली, अक्षरओळख नाही, दुसऱ्याकडून कार्ड लिहून घ्यायचे. दर कार्डात एकच वाक्य : "तुझ्या हातून प्रभुभोजन घ्यायचं राह्यलं आहे, मग मी जायला मोकळा." प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधली भाकर आणि प्याला, द्यायचा हक्क दीक्षा झालेल्यालाच! सांगा, असं कार्ड आल्यावर माणसाला झोप लागेल?

परीक्षेआधी सराव म्हणून मी एकटाच मोताळ्याला गेलो. म्हटलं, शेतकऱ्यांचा बाजार आहे, शेतातलाच दाखला देऊ. प्रभूनं सांगितलेला, पेरणाऱ्याचा. त्याहून सोपं काय? एक पेरणारा निघाला, थोडं बी वाटेवर पडलं, ते पाखरांनी खाल्लं. थोडं खडकावर पडलं, ते उगवलं आणि वाळलं. थोडं काट्यांत पडलं, ते गुदमरलं. आणि थोडं चांगल्या जमिनीत...

"थांबा हो मास्तर!"

पुढंच एक जण उकिडवा बसला होता, डोक्याला मुंडासं, हातात दोरखंडाचं भेंडोळं. हा इंद्रभान. नाव नंतर कळलं. त्या वेळी नुसता आवाज कळला.

"मले एक सांगा. चार जागी बी पडलं, त्यातल्या तीन जागी वाया गेलं. बरोबर?"

मी म्हटलं, बरोबर.

"मंग याच्या हाती पेरणी देल्ली कोनं? वाटंवर पेरते, गोट्यावर पेरते, काट्यात पेरते... बह्याड होता का थो?"

बह्याड, म्हणजे खुळा! लोक हसले. मी म्हटलं, "अहो, हा दाखला आहे! बी म्हणजे वचन. चूक पेरणाऱ्याची नाही, जमिनीची. तुमचं अंतःकरण खडकासारखं..."

"म्हंजे पेरणारा चुकला आन् शिव्या खाव्या जमिनीनं? वा रे न्याव! आमच्याकडं तर बापा तिफन राह्यते, मांगं बाई राह्यते, एकएक दाना मोजून सोडते. याच्याजौळ तिफन नव्हती काय?"

आता मी काय करायचं? मी शिकलेला माणूस, मी शिकलेल्या माणसासारखं उत्तर दिलं. म्हटलं, "मूळ ग्रीक भाषेत..."

मागून कोणी तरी ओरडलं, "ग्रीकात तिफन नसन बे! चाला, बैल पाहू!"

आणि गेले! सगळे गेले! मिरचीवालीसुद्धा पाटी उचलून पलीकडं जाऊन बसली! आणि मला तर ग्रीक येत होतं हो!

दुसरा कोणी असता तर त्यानं दाखला बदलला असता. हरवलेलं मेंढरू घेतलं असतं. पण तुम्हाला सांगतो, मी भित्रा आहे, शंकेखोर आहे, चपला काढल्या तरी दोनदा मागं वळून बघतो, पण एकदा प्रभूच्या शब्दावर कोणी हसलं की मी सोडत नाही. मी इंद्रभानच्या मागं धावलो. म्हटलं, "मला पेरणी शिकवा." तो म्हणाला, "कायले?" म्हटलं, "तुम्हाला उत्तर द्यायला." त्यानं मला धोतराच्या काठापासून चष्म्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "या. पेरनीच्या टायमाले मानूस कमीच राह्यते."

मृग लागला, वाफसा झाला, आणि मी त्याच्या वावरात हजर! कागदोपत्री वऱ्हाड निजामाचा, कारभार नागपूरचा, पण त्या वावरात हुकूम चालायचा एकाच व्यक्तीचा, इंद्रभानच्या आईचा, मनकर्णाबाईंचा. साठीची बाई, लुगड्याचा काष्टा, चाळीस वर्षं तिफणीमागं चाललेली. काम कसं, तर तिफणीला, म्हणजे बैलांनी ओढायच्या पेरणीच्या औताला, मागून एक पोकळ बांबू दोरीनं बांधलेला. त्याला सरता म्हणतात. पोटाशी बियांची ओटी बांधायची, एका हातानं सरता धरायचा, दुसऱ्या हाताच्या मुठीतून दाणे त्याच्या तोंडात सोडत जायचं. बस्स. बघितलं तर पोरखेळ!

त्यांनी मला एकच गोष्ट बजावली. "बापू, धुरा आला का मूठ बंद. तिफन फिरली, तासाला लागली, का मूठ उघड. आन् बोलू नोको. पेरनाऱ्यानं बोलू नाई."

धुरा म्हणजे शेताची कड, तास म्हणजे पेरणीची ओळ, एवढं कळलं. पण बोलू नाही! मला! अहो, मी त्या वावरात कशासाठी गेलो होतो? मनात उपदेश जुळत होता! एकेका पावलाला नवा मुद्दा! मूठ म्हणजे श्रद्धा, सरता म्हणजे प्रार्थना, बैल म्हणजे... बैलांचं काही जमेना, त्याचा विचार करता करता धुरा आला. इंद्रभाननं तिफण उचलली, गाडवाटेवरून वळवली, मी आपला मागून बोलतोय, "इंद्रभान, मला वाटतं बैल म्हणजे नियमशास्त्र," आणि मूठ? मूठ उघडीच! अख्ख्या गाडवाटेवर ज्वारी! दुसऱ्या टोकाला वेचलेल्या गोट्यांचा ढीग, तिथं वळताना मी विचारतोय, "का बैल म्हणजे देह?" आणि गोट्यांवर ज्वारी! शेवटचं तास बाभळीच्या कुंपणाकडेनं. तिथं डावा बैल, पांढरा का तांबडा ते सोडा, त्यानं नुसतं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं हो! मी सरलो बाजूला, धोतर अडकलं काट्यात, एका हातानं धोतर सोडवतोय, दुसरा हात इमानेइतबारे बी सोडतोय... काट्यांत!

आणि हे सगळं होत असताना मला कळलं का? नाही! वळून बघितलं तेव्हा गाडवाटेवर ही साळुंक्यांची पंगत बसलेली! मी तिथंच मटकन् बसलो. वाट, खडक, काटे... क्रमसुद्धा चुकला नव्हता! आणि मला तर ग्रीक येत होतं!

इंद्रभान काय बोलला ते मी तुम्हाला सांगू शकत नाही, तुम्ही सभ्य माणसं आहात. त्यानं माझ्या पोटाची ओटी सोडून घेतली आणि आईच्या पोटाला बांधली. "माय, तू धर सरता. हा मास्तर वावर सोडून साऱ्या जिल्ह्यात पेरते."

अडीच महिन्यांनी परीक्षा. परीक्षक म्हणून पाळक महादेवराव आले. हा गृहस्थ हसत नसे. बाप्तिस्म्याला मूल रडलं तरी त्याच्याकडं असा बघायचा की मूल माफी मागेल. बाजाराच्या कडेला लिंबाखाली स्टूल, मांडीवर वही, हातात पेन्सिल. मी मागं हटू शकलो असतो, दाखला बदलू शकलो असतो. सरस्वतीबाई निघताना म्हणाल्याही होत्या, "त्या माणसांपुढं तोच दाखला नका हो काढू." पण वडलांचं कार्ड खिशात होतं आणि माझा निश्चय होता. हाच दाखला, इथंच, ह्याच लोकांपुढं. खोक्यावर चढलो आणि म्हटलं, "एक पेरणारा पेरायला निघाला..."

"थांबा!" झालं. इंद्रभान. "हे मी सांगतो! हा पेरनारा आमच्या वावरात येऊन गेला!"

मी म्हटलं, "इंद्रभान, आज नको, आज परीक्षा आहे," पण ऐकतोय कोण? तो खोक्यावर चढला. मी उतरलो, कारण खोकं एकाच माणसाचं होतं.

"आयका बे! हा मास्तर, हा असा सरता धरून..." आणि माझी चाल! माझा चष्मा वर करणं! "इंद्रभान, मला वाटतं बैल म्हंजे नियमशास्तर!" हुबेहूब! बैलांचा बाजार सोडून माणसं आली, मिरचीवाली पाटीसकट परत आली. "वाटंवर टाकलं, थे साळुंक्यायनं खाल्लं. गोट्यावर टाकलं, थे चार दिवसांत असं तरारलं का मी म्हटलं, आता मास्तरचे पाय धुवा लागते! आन् पाचव्या दिवशी ऊन पडलं त सारं पिवळं. मुळाले जागाच नाई ना बापा! काट्यातलं अजून हाये, कंबरेइतकं वाढलं, पन बोटाएवढं बारीक, त्याले कनीस येत नाई. आन् मायनं वावरात सोडलं थे पाहा जाऊन! एक दाना वाया नाई!"

मी खालून म्हटलं, "याचा अर्थ असा की..."

"चूप राह्य ना मास्तर, आयकू दे!" ही मिरचीवाली.

मग इंद्रभान म्हणाला, "मले आता समजलं, थो दाखल्यातला पेरनारा शेतकरी नव्हता. थो मास्तर होता!" हशा! टोप्या उडाल्या! मी महादेवरावांकडं बघितलं. पेन्सिल चालू होती. म्हटलं संपलं. वडलांना काय लिहू?

तेवढ्यात मनकर्णाबाई उठल्या. त्या बाजाराला आल्या होत्या मिठासाठी. पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "हासू नोका. मी चाळीस वरसं मूठ आवळून पेरलं. काऊन? त ओटीतलं सरन म्हनून. सरलं त लेकरं काय खातीन म्हनून. या बापूनं सांगतलं थो पेरनारा गोट्याले नाई म्हनत नाई, काट्याले नाई म्हनत नाई. थो बह्याड नसन रे इंद्रभान. ज्याच्या ओटीतलं बी सरतच नाई, थो कायले मूठ आवळन?"

मिरचीवालीनं हातातली पाटी खाली ठेवली. एक म्हातारा हळूच म्हणाला, "म्हंजे आपल्यासारख्या गोट्यावरही टाकते म्हना थो." मनकर्णाबाई म्हणाल्या, "हाव. आपल्यावर त पयले."

तीन वर्षं जबलपूर! शब्दाशब्दाचा धातू मला ठाऊक! कोणती जमीन म्हणजे कोणता श्रोता, हे मी चौकटी आखून पाठ केलेलं. आणि पेरणाऱ्याकडं मी एकदाही बघितलं नव्हतं. सारा वेळ जमिनीलाच रागे भरत होतो. आणि चूक कळल्यावर शिकलेला माणूस काय करतो? मुद्दा मांडतो! मी म्हटलं, "मूळ ग्रीकमध्येही पेरणारा या शब्दाला..." आणि चांगली दोन-तीन मिनिटं बोललो. कोणी गेलं नाही. शेवटी प्रार्थना केली, तरी कोणी गेलं नाही. मनकर्णाबाईंनी पदरानं डोळे टिपले ते माझ्या ग्रीकनं की शेजारच्या मिरच्यांनी, हे मी आजही ठामपणे सांगणार नाही.

महादेवरावांनी वही मिटली, छत्री उचलली आणि एवढंच म्हणाले, "पास." का, कसा, कशावर, काही नाही! विचारायची माझी छाती झाली नाही. दिवाळीच्या सुमारास दीक्षा झाली. वडलांनी माझ्या हातून भाकर घेतली, प्याला घेतला, आणि पुढच्या उन्हाळ्यात गेले. ठरल्याप्रमाणे, मोकळे होऊन.

पण मन खात होतं ना! मी पास झालो तो कशावर? हळूहळू मी मनाची समजूत घातली की शेवटचं ते ग्रीक! माणसं थांबली कोणाच्या वेळी? माझ्या वेळी! महादेवराव स्वतः विद्वान, त्यांना शब्दाची खोली कळली असणार. नव्या उमेदवारांनाही मी हेच सांगत आलो, "बाबांनो, ग्रीक सोडू नका."

सोळा-सतरा वर्षांनी त्याच समितीचा चिटणीस म्हणून माझी नेमणूक झाली. महादेवराव तोवर प्रभूकडं गेले होते. एक दिवस खामगावच्या कपाटात रजेचे नियम शोधताना जुन्या परीक्षांची वही हाती आली. मोताळा. माझं नाव. पेन्सिलीतलं अक्षर, बारीक, स्वच्छ. चष्मा पुसून तीनदा वाचलं, सरस्वतीबाईंकडून एकदा वाचून घेतलं, त्यामुळे निदान एवढ्याबद्दल मला शंका नाही. लिहिलं होतं : "उपदेश उत्तम. साधा आणि मनाला भिडणारा. लोक शेवटपर्यंत थांबले. सूचना : उमेदवाराने मध्ये बोलू नये."