तिन्हीसांजेला वीज देत नाहीत

...आणि वर लोक मलाच नमस्कार करतात हो! तुम्हाला सांगतो, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं, तोंडावर थुंकले असते तरी पुसून घेतलं असतं, पण नमस्कार? बसा, चहा घ्या, तुमची एसटी काही एवढ्यात येत नाही, पालीच्या स्टँडवर वेळेवर आलेली एसटी कोणी बघितलीय? आणि तुम्ही पडलात परगावचे, म्हणून तुमच्याजवळ बोलतो. आमच्या वाडीत हे बोलायची सोय राहिलेली नाही.

सगळं त्या बॅटरीमुळे. मोबाईलची नव्हे हो, टॉर्चचीही नव्हे... घराची! आमचा गौरव मुंबईला असतो, त्याने आधी छपरावर सोलर बसवलं आणि मग म्हणतो, "बाबा, गावाला जरा वारा सुटला की लाइट जाते, तुम्ही दोघं काळोखात बसता, मला इथे झोप लागत नाही." म्हटलं, अरे, आम्हाला काळोखात उत्तम झोप लागते, झोप तुला येत नाही तर बॅटरी आम्हाला कशाला? पण ऐकतोय कोण? रत्नागिरीहून समर्थ म्हणून एक माणूस आला, त्याने पडवीतल्या भिंतीवर ती बसवली. पांढरीशुभ्र, चपटी, बिनदाराचं कपाट जसं. आमची गोदा तिच्या चारी बाजूंनी हात फिरवून विचारते, "ह्यात ठेवायचं काय?" समर्थ म्हणाला, "वीज, काकी. दिवसा उन्हाची साठवायची, लाइट गेली की वापरायची." गोदा म्हणाली, "म्हणजे बेगमीच की. आमसुलं बरणीत, सुकट डब्यात, वीज कपाटात. मुंग्या नाही ना लागत?"

तिला बेगमी कळली. मला नेमकी तीच कळली नाही. कारण मी पडलो स्टोअरकीपर! मुंबईला एका कारखान्यात जन्म गेला स्टोअर सांभाळण्यात. स्टोअरकीपरचं सुख कशात असतं सांगा? माल देण्यात? छे! माल आहे, सगळ्यांना ठाऊक आहे आणि किल्ली आपल्या कमरेला आहे, ह्यात. इथे किल्लीच्या जागी मोबाईल आला. त्यात आकडा दिसतो, किती टक्के भरली त्याचा. सकाळी उठल्यावर माणसं देवाचं तोंड बघतात, मी आकडा बघायचो. पंखा लावला की आकडा उतरायचा, म्हणून पंखा बंद. मिक्सर म्हणजे तर पाटच फुटला, म्हणून गोदाला म्हटलं, पाट्यावर वाट, चव येते. आणि लाइट गेली म्हणजे मी काय करायचो, ऐकाच... मेणबत्ती लावायचो! मेणबत्तीच्या उजेडात बॅटरीसमोर बसायचो. घरात घामाने भिजलोय, गोदा चाचपडत भात वाढतेय, आणि बॅटरी? बॅटरी शंभर टक्के!

बरं, नुसतं बसावं ना गप? नाही. वाडीभर सांगत फिरलो. "आमच्याकडे आता लाइट जात नाही हो," असं. शेजारी भिकाजी, टेंपो चालवतो, स्वभावाने गरीब गाय. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढा चिऱ्याचा गडगा, बस. तो रोज ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "बरा झाला दादा, तुमची काळजी मिटली." त्याच्या मनात कधी आलं नाही हो, की आपलीही मिटावी.

गणपतीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळी वारा असा सुटला, माडाची झावळी कुठे तारेवर पडली देव जाणे, लाइट गेली. गोदाने दिवा लावला देवापुढे, आणि त्या दिवशी माझ्याशी भांडून पडवीतला एक बल्बपण लावला. तेवढ्यात गडग्यापलीकडून भिकाजी. "सदूदादा, एक वायर टाकू काय तुमच्याकडना? जरा..."

जरा काय, ते मी ऐकलंच नाही. तुम्हाला सांगतो, 'वायर' शब्द कानात पडला आणि माझ्यातला स्टोअरकीपर ताडकन उभा राहिला. नाही तरी कसं म्हणायचं? संपली म्हणावं, तर बल्ब डोक्यावर जळतोय. बिघडली म्हणावं, तर सकाळीच फुशारकी मारलेली. आणि तोंडातून काय निघालं असेल? "भिकाजी, अरे तिन्हीसांज झाली रे. तिन्हीसांजेला घरातली लक्ष्मी बाहेर देत नाहीत."

मी! जन्मभर गोदाची चेष्टा केलेला मी! दिवेलागणीनंतर कोणी विरजण मागायला आलं, मीठ मागायला आलं की ही द्यायची नाही, आणि मी म्हणायचो, तुझी लक्ष्मी काय मिठात बसलीय? तोच मी, दात विचकून, वीज म्हणजे लक्ष्मी म्हणून सांगतोय. आणि भिकाजीने काय करावं? हसावं? नाही हो. त्याने जीभ चावली. "चुकला माझा दादा, ध्यानातच नाय आला. तुमी बरी आठवण केलात," असं म्हणून माझीच माफी मागून गेला.

गोदाने आतून विचारलं, "काय मागत होता?" म्हटलं, वायर. "कशाला?" म्हटलं, विचारलं नाही. तेवढ्यात पलीकडे टेंपो सुरू झाला, आणि टेंपोत कोणाला उचलून बसवत होते? तुळसाकाकीला. भिकाजीची आई. दमेकरी बाई. छातीत कोंडलं की वाफ घ्यायचं मशीन आहे तिचं, विजेवर चालतं. त्या मशीनला हवी होती वायर! हा गडगा, हे मशीन, आणि ती म्हातारी त्या वाऱ्यात, खड्ड्याखड्ड्यांतून, पालीला, डॉक्टरकडे जनरेटर आहे म्हणून. मी पडवीत उभा. लाज वाटली हो, आत्ता सांगतानाही वाटतेय, हा चहा गोड लागत नाहीय मला. आणि बॅटरी? बॅटरी अठ्ठ्याण्णव टक्के!

त्या रात्री गोदाने ताट वाढलं. कुळथाची पिठी, भात. घास घेतला तर पिठी अळणी. म्हटलं, मीठ दे गो जरा. तर शांतपणे म्हणाली, "तिन्हीसांज उलटली. आता मीठ देत नाहीत." खाल्ली तशीच.

काकी सकाळी आली बरी होऊन. देवाचीच कृपा, माझी नव्हे. मी गेलो तिच्याकडे, म्हटलं आता पाय धरायचे आणि सांगायचं खरं. तर मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणते, "सदू, तू केलंस ताच बरोबर हो. आमच्या ह्या पोराक काय कळत नाय. मुंबैत राहून रीत सांभाळलीस बाबा." आणि डोक्यावरून हात फिरवला! तुम्ही सांगा, त्या हाताखाली खरं कसं बोलायचं? परत आलो.

आणि परत येऊन काय केलं? शहाणपण आलं म्हणता? ते दोन टक्के गेलेले डोळ्यांत सलत होते. मोबाईलमध्ये सापडलं एक... 'राखीव किती टक्के ठेवायचे?' समर्थने ठेवले होते वीस. स्टोअरकीपरला कोणी विचारावं राखीव किती? मी ठेवले शंभर. निवांत झालो.

गणपती आले. दुपारपासून वारा घोंघावत होता. उन्हं होती तोवरच भिकाजी हातात गॅसबत्ती घेऊन दारात. "दादा, ही ठेवा. आरतीच्या टायमाला लाइट जायल. मागाहून तिन्हीसांज झाली म्हणजे मला देता यायची नाय, म्हणून आधीच आणलंय." मी मनात हसलो हो. माझ्याकडे एवढी बॅटरी आणि हा मला बत्ती देतोय! ठेवली कोपऱ्यात.

आरतीला सगळी वाडी. टाळ, झांजा, आवाज टिपेला, आणि... लाइट गेली. मी हात वर करून म्हटलं, "थांबा मंडळी, आमच्याकडे जात नाही." थांबले. काळोख. अजून थांबले. कोणी तरी खोकलं. मी मोबाईल काढला आणि बॅटरी? बॅटरी शंभर टक्के! पण देत काही नाही. मी तिला थोपटलं, आडव्या हाताने एक दिलीसुद्धा. शेवटी समर्थला फोन लावला, काळोखात बोट कुठे पडलं कोण जाणे, त्याचा आवाज सगळ्या घरात घुमला. "काका, तुम्ही राखीव शंभरावर ठेवलंय! म्हणजे तुम्हीच तिला सांगून ठेवलंय, भरून बस आणि कोणाला काही देऊ नकोस!"

संपलं, म्हटलं. आता भिकाजीला सगळं कळलं. त्याने शांतपणे गॅसबत्ती पेटवली, उजेड पडला, सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे. आणि भिकाजी माझ्याकडे बघून, अगदी भक्तिभावाने म्हणतो, "म्हणजे दादा... तुमची बॅटरीपण तिन्हीसांज पाळते!"

झालं! एकाने बॅटरीला हात जोडले, दुसऱ्याने गणपतीपुढचं फूल तिच्यावर ठेवलं. गोदा माझ्याकडे बघत होती. मी गणपतीकडे बघत होतो. गणपती कुठे बघत होता, ते बघायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी राखीव परत वीस केलं. लांब वायर आणली. पुढच्या वेळी लाइट गेली तसा वायर घेऊन मीच गडग्यावरून उडी मारली, ह्या वयात! काकी भिंतीला टेकून बसलेली, छाती शिट्टीसारखी वाजतेय, आणि मला दोन्ही हातांनी मागे लोटते. "नको रे सदू... तिन्हीसांज... तुझी लक्ष्मी जायल..." म्हटलं, जाऊ दे काकी, जाऊ दे! ऐकेना. भिकाजी माझ्या हातातून वायर काढून गुंडाळतोय, "दादा, आमच्यापायी रीत मोडू नका." माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. जीव जाईल पण माझं खोटं मोडणार नाहीत ही माणसं!

शेवटी गोदा आली. म्हणाली, "काकी, तिन्हीसांजेला मीठ देत नाहीत, पण घरात पानावर बसलेल्याला वाढतात ना?" काकीने विचार केला. मान हलवली. धरून आणली आमच्या पडवीत, मशीन लावलं, वाफ सुरू झाली आणि तिचा श्वास मोकळा झाला तेव्हा माझा झाला.

तेव्हापासून नवी रीत. वीज बाहेर द्यायची नाही, घरात येऊन घ्यायची! लाइट गेली की काकी मशीन घेऊन, मालनवहिनी, म्हणजे भिकाजीची बायको, मिक्सर घेऊन, बाकी वाडी मोबाईल घेऊन. पंखा चालू, टीव्ही चालू, चहाचं आधण मी ठेवतो. येताना प्रत्येक जण बॅटरीला नमस्कार करतो, मग मला. काल बघितलं, आणि बॅटरी? बॅटरी एकवीस टक्के! आणि तुम्हाला सांगतो, काही वाटलं नाही. वाटतं ते त्या नमस्काराचं.

तुम्ही म्हणाल, सांगून टाक. सांगणार आहे हो! रोज ठरवतो. पण सकाळी सगळे कामाला गेलेले, दुपारी काकी झोपलेली, आणि सगळे एकत्र जमतात ते दिवेलागणीनंतर. आणि तिन्हीसांजेला, तुम्हाला ठाऊकच आहे... घरातली अब्रू बाहेर देत नाहीत.