पाववाल्याची चाल

हॅलो?… हॅलो? हो, अक्का, मी कुसुमच. बोला.

पावणेपाचला. पावणेपाचला इरोश आऊट झाला आणि तिथेच मॅच संपली.

हरलो. थोडक्यात हरलो.

शेवटची विकेट त्याचीच, हो. पायचीत. तुमचं चित्र कुठे अडकलं?… तो पायऱ्या उतरत होता तेव्हा? मग तुम्ही सगळंच हुकवलंत की. मिलानमध्ये बसून इंटरनेटला पैसे कशाचे देता मग?… बरं बरं, तुम्ही कामाला आहात त्या म्हातारीने वायर ओढली त्याला तुम्ही काय करणार. जेवली का ती?… झोपली. मग बोला निवांत.

हो, खरंच निवृत्त झाला. स्वतःच्या तोंडाने सांगितलं त्याने, माइकवर.

नाही हो, या वेळी खरंच. मागे नुसतं पेपरात आलं होतं, नंतर निवड समितीने समजूत घातली आणि परत उतरला. आज त्याने टोपी काढून आईच्या डोक्यावर ठेवली. सगळ्यांसमोर. आता आईच्या डोक्यावरची टोपी परत मागून घेणार आहे का तो?… तेच म्हणते मी.

मला? मला काय वाटायचंय. खरं सांगू, अक्का? सुटले.

रडत नाहीये. कांदा चिरतेय, खोबऱ्याच्या सांबोळाला.

काय?… मिरच्या? मी? शी. सीनिगमाच्या देवळात जाऊन पाट्यावर मिरच्या वाटायच्या म्हणजे एखाद्याचं वाटोळं मागायचं. आणि मी इरोशचं वाटोळं मागेन? आपल्या गल्लीत वाढलेला पोर तो. मी नारळ फोडला, एवढंच. म्हटलं, देवा, बिचाऱ्याचा गुडघा दुखतो, त्याला जरा विश्रांती दे.

विश्रांती म्हणजे विश्रांती. किती दिवसांची ते मी काही देवाला सांगितलं नाही.

हसा तुम्ही. तिकडे बसून हसायला काय जातं.

अहो अक्का, ऐका ना. तुमचा भाऊ तुम्हाला काय सांगतो फोनवर? 'चष्म्याचा नंबर वाढलाय', हो ना?… नंबर वाढलेला नाही. काचबिंदू आहे. डावा डोळा जवळजवळ गेलाय. डावीकडून माणूस आला तर अंगावर येईपर्यंत कळत नाही ह्यांना. परवा दाराच्या चौकटीला कपाळ आपटलं आणि चौकटीलाच शिव्या दिल्या.

उजवा आहे अजून. तोच वाचवायचाय. डॉक्टर म्हणाले, थेंब घाला, आणि मॅचच्या बँडमधलं ट्रम्पेट बंद. फुंकताना डोळ्यातला दाब चढतो म्हणे. जितका वरचा सूर, तितका जास्त. आणि पाववाल्याची चाल म्हणजे सगळीच वरच्या सुरात.

सांगणार कसं तुम्हाला? शपथ घातली होती ह्यांनी. 'अक्काने कुवेतमधल्या पहिल्या पगारातून पाठवलाय तो बाजा, तिला कळलं तर तिच्या जिवाला लागेल.'

हो… हो… कळतंय. रडू नका. आता संपलं ना ते.

मला काय म्हणाले, ठाऊक आहे? विहारातल्या बोधिवृक्षाखाली उभं राहून म्हणाले, 'इरोश खेळतोय तोवर मी वाजवणार. तो थांबला की मी थांबलो.' मी म्हटलं, ठीक आहे, अडतिशीचा झालाय, गुडघा गेलाय, किती खेळेल? तर हा पठ्ठ्या आणखी दोन वर्षं खेळला. प्रत्येक मॅचला पाच विकेटा. सगळा गाव फटाके लावायचा आणि मी थेंबांची बाटली उजेडात धरून बघायची.

नाही, ह्यांना अडवता येत नाही. तुम्ही वाढवलंय ना, तुम्हाला माहीत असेलच.

आणि त्या चालीवर ह्यांचा हक्कच आहे असं समजतात. आठवतं ना तुम्हाला? त्याची पहिली मॅच?… हो, तीच. बॅट घेऊन उतरला आणि कुणीतरी वरून ओरडलं, 'ए पाववाल्या, दोन किंबुला बनपाव टाक.' त्याचे वडील रिक्षातून पाव विकायचे ना, म्हणून. सगळे हसले. पोराची मान खाली गेली. तर ह्यांनी बाजा उचलला आणि पावाच्या रिक्षावर वाजते ना, तीच चाल वाजवली. पूर्ण. ढोलवाल्यांनी धरली, मग सगळ्या मैदानाने धरली. तेव्हापासून तो उतरला की ती वाजलीच पाहिजे. लहान पोरांना तर वाटतं, पाववालेच इरोशची चाल वाजवतात.

आज? आज मी गेले होते ना. मुद्दाम गेले.

कारण तोंडी माझ्याकडे होती. ट्रम्पेटची. जिथे फुंकतात ते पितळी, काढता येतं ते. सकाळीच काढून पर्समध्ये टाकली. बाजा घ्या म्हटलं, मिरवा, मांडीवर ठेवा. तोंडी मी देईन, इरोश उतरेल तेव्हा. तो क्रीजवर पोचेपर्यंत वाजवायचं आणि माझ्या हातात परत.

हो, चिडले. बँडवाल्यांनी चिडवलं ते त्याहून जास्त. तो ढोलवाला चंद्रदास ह्यांना म्हणतो, 'सेनादादा, वहिनींनी दूध तोडलं का तुमचं?'… मी पण म्हटलं त्याला, तुझी बायको तुझ्या ढोलाची काठी कधी लपवतेय त्याची वाट बघ.

सांगते ना. आठवी विकेट पडली. हे माझ्याकडे बघेनात, नुसता हात पुढे केला. मी तोंडी काढली, पदराला पुसली, दिली.

वाजवली, अक्का.

कशी म्हणजे?… मला सुरातलं काय कळतं. पण समोर किल्ल्याच्या तटावर फुकट बघणारी माणसं उभी राहिली, छत्र्या बंद करून. इरोश क्रीजवर पोचला, ह्यांनी चाल तिथेच तोडली आणि तोंडी काढून माझ्या हातात ठेवली. मी हात पुढे करायच्या आधीच. डोळ्यातून पाणी येत होतं. दाबाचं की दुसरं कसलं ते मी विचारलं नाही.

मग खेळला थोडा. एक षटकार मारला, तुमच्या जुन्या शाळेच्या बाजूला. मग पायचीत.

आणि इथेच, अक्का… ऐका. तो परत निघाला. परतताना पण चाल वाजवायची, हे बँडचं ठरलेलं. चंद्रदास म्हणाला, 'दादा, धरा.' हे नुसते बसून. मी पर्स उघडली होती. खोटं कशाला सांगू, मी द्यायला निघाले होते. हेच नाही म्हणाले, मानेने. म्हणाले, 'तो थांबला ना? मग झालं.'

मग दुसऱ्या ट्रम्पेटवाल्याने सुरू केली, ती फाटली. लोकांनी तोंडानेच म्हटली. आणि इरोश मैदानाच्या मध्यावर थांबला. त्याला कळलं हो. हेल्मेट काढलं, आमच्या बाजूला वळला, आणि बॅट वर केली.

ह्यांना दिसेना. ऊन समोरून, आणि तो डावीकडे. 'कुठे आहे? कुठे आहे गं?' म्हणत भलतीकडेच बघत होते. मी हनुवटी धरून तोंड फिरवलं. चारचौघांत. म्हटलं, तिकडे बघा, तुमच्याकडेच बघतोय. 'दिसला,' म्हणाले. मग बराच वेळ हात हलवत बसले. तो आत गेला तरी.

हो… हो ना.

नाही, भेट नाही झाली. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं, तिथे कुठे आम्ही शिरणार.

आता? आता बसलेत ओट्यावर. चहा दिलाय. थेंब घातले मी, गप घालून घेतले. पहिल्यांदाच. मला कसं वाटतंय सांगू, पायातून काटा निघाल्यावर पाय टेकवून बघतो ना आपण, तसं.

बाजा? बाजा तिथेच राहिला.

विसरले नाहीत. बाकावर ठेवला आणि निघाले. मी म्हटलं, अहो, बाजा. तर म्हणाले, 'घरी असला की हात जाईल. असू दे तिथेच, कुणीतरी वाजवेल.'

अक्का… अक्का, ऐका तर. तुमच्या पैशाचा अपमान नाही हो तो. तुम्ही पाठवलेल्या बाजाने आख्ख्या मैदानाला… अहो, ऐका ना. डोळा मोठा की बाजा? मला सांगा. उद्या मी चंद्रदासला फोन करते, तो ठेवेल त्याच्याकडे. पण या घरात नको.

हो. तुम्ही ह्यांच्याशी बोला हवं तर. रागावू नका फक्त. थांबा, बोलावते.

अहो, अक्कांचा फोन आहे… अहो?

थांबा हं, अक्का. गेटशी रिक्षा थांबली कसली तरी. हे निघाले बघायला. डावीकडे पायरी आहे हो, जपून… उतरले. उतरले नीट.

कोण आहे दिसत नाही, आंब्याची फांदी आडवी येते. उंच आहे कुणीतरी. लंगडतोय.

अक्का. इरोश आहे.

अहो तोच, दुसरा कोण लंगडतोय असा. काखेत बाजा आहे आणि हातात पावाचा पुडा. एकटाच आलाय. ह्यांच्या पाया पडतोय. हे उठवतायत. काहीतरी म्हणतोय… 'सेना मामा, हे विसरलात.'

हो, म्हणतेय मी तेच. ज्याच्यासाठी थांबवलं तोच घेऊन आला परत. आता काय म्हणायचं त्याला. घरात नुसतं सांबोळ आहे, अक्का, भात सकाळचा, आणि इरोश दारात.

माशाचा डबा उघडू? बरं. उघडते. जरा फोन खांद्याला लावते हं… बोला, ऐकतेय.

ऐकू आलं तुम्हाला?

नाही, पाववाला नव्हे. तो सकाळी येऊन गेला. शिवाय त्याचा भोंगा यंत्राचा आहे, असा अडखळत नाही.

थांबा. तोंडी माझ्या पर्समध्ये आहे. तोंडीशिवाय कसा वाजेल? पर्स इथेच खुंटीला… थांबा जरा.

नाहीये. अक्का, तोंडी नाहीये पर्समध्ये. मी कांदे आणायला मागे गेले होते तेव्हाच काढली ह्यांनी. मला काही न बोलता. बोधिवृक्षाखाली काय म्हणाला होता हा माणूस…

काय?… परत वाजलं? ऐकते.

ऐकलंत? हे ऐकलंत का तुम्ही?… हा सूर ह्यांचा नव्हे. अहो, इतकं वाईट तुमचा भाऊ ताप असतानासुद्धा वाजवणार नाही.

खिडकीशी जाते.

इरोशच आहे. गाल फुगवलेत नुसते, आवाज कोंबड्यासारखा. हे खुर्चीवर बसलेत, गुडघ्यावर ठेका धरलाय. हसतायत. 'ओठ आवळ, ओठ. पाव खातोयस का?' म्हणतायत त्याला. शेजारची माणसं कुंपणाशी आलीत.

हो, तुम्हाला ऐकवते, फोन बाहेर धरते…

आलं ऐकू? शिकवतायतच. मग शिकवू देत, शिकवण्याने कुठे दाब चढतो. माझा जीव उगाच… हो. हो ना.

थांबा. इरोशने बाजा पुढे केला. 'मामा, एकदा तुम्ही दाखवा,' म्हणतोय.

अजून काही नाही. बघतायत त्याच्याकडे.

हात पुसले ह्यांनी. सरोंगला.

नाही, घेतला नाही, अक्का. अजून घेतलेला नाही. ठेवते मी फोन.