ताईचा गहू

नाही, तुम्ही बसा साहेब, सही करायची की नाही ते मी ठरवीन — आधी हे पाकीट कुणी छापलं ते तरी कळू दे. धाकट्या भावानेच ना? वाटलंच. ‘राजाच्या थडग्यात चार हजार वर्षं निजलेला गहू’ — आणि बियाणे कार्यालयात तशी नोंद करायला घरच्या माणसाची साक्ष हवी, म्हणून तुम्हाला माझ्याकडे धाडलं. स्वतः यायला तोंड नाही. अहो, ही थडग्याची गोष्ट माझी आहे — तो चार वर्षांचा होता, घास खाईना, तेव्हा मी रचलेली — राजा झोपलाय, मुठीत दाणे आहेत, उठला की सगळ्यांना देईल. त्याला पक्कं ठाऊक आहे ते. केसाने गळा कापला माझा, दुसरं काय.

खरं नाव? ताईचा गहू. तेही त्यानेच ठेवलेलं. एका साली तांबेरा पडला, सगळ्यांचं पीक गेलं. ही जुनी जात — कुसळं काळी, कितीही झोडा, टरफल काही सुटत नाही — बाबा वैतागायचे, पण बांधाकडेला मी थोडी राखायचे, कापणीआधी एकेक लोंबी हाताने निवडायचे. तेवढीच वाचली. दुसऱ्या साली शेत हिरवं झालं ते तिच्यावर. लोक विचारायचे, कुठला हो हा गहू — तर हा माझ्या कडेवरून सांगायचा, ताईचा. मग सगळेच तसं म्हणायला लागले. आणि आता पाकिटावर ताई कुठे आहे, दाखवा मला.

बियाणं उरलं कसं म्हणता? त्या तांबेऱ्याच्या साली आई म्हणाली, असेल नसेल ते दळ. दळलं मी — दोन ओंजळी सोडून. त्या उशीत शिवल्या. धाकटा त्याच उशीवर डोकं ठेवून भुकेने रडायचा, मी थोपटत राजाची गोष्ट सांगायचे — खाईना कुठला, घास होता कुठे घरात — आणि दाणे तिथेच, त्याच्या कानाखाली. पेरणीला उशी उसवली तेव्हा हा दारात उभा होता. बघत होता. आजवर त्यावर कधी बोलला नाही. मला वाटलं, लहान आहे, विसरेल—

हे लिहू नका. लिहिलंत? खोडा ते.

नाही, सही नाही. कागद उचला तुमचे. त्याला म्हणावं, साक्ष हवी तर स्वतः ये आणि समोर बसून माग. निघा आता, मला कामं आहेत.